वाईट वर्षी कोणाचं पाणी तोडायचं?

एखाद्या प्रदेशाचा पन्नास वर्षांचा पाणी आराखडा हाती आला की मी तो मागून वाचायला घेतो. सुरुवातीची प्रकरणं सगळीकडे सारखीच असतात: भूगोल, पर्जन्यमान, नद्यांची नावं, उपग्रहावरून काढलेला एखादा रंगीत नकाशा. खरा मजकूर असतो तो परिशिष्टांतल्या तक्त्यांत. डावीकडे वर्षं, मग लोकसंख्या, मग दरडोई दररोज किती लिटर, मग गुणाकार. शेजारी उपलब्ध पाणी. आणि उजव्या टोकाला 'तूट'. असे तक्ते तपासण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. आता कोणी तपासायला सांगत नाही, तरी वाचतो. खोड जात नाही.

उजव्या टोकाचा तो रकाना पुढच्या तक्त्यात शून्यावर आलेला असतो. मधल्या मध्ये एक धरण, एक बोगदा, दोन उपसा योजना, गळती कमी करणं, सांडपाण्याचा पुनर्वापर, असं बरंच काही घडून गेलेलं असतं. बेरीज जुळते, सह्या होतात. पण त्या दोन तक्त्यांच्या मध्ये एक पान असायला हवं आणि ते बहुतेक आराखड्यांत नसतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. पाऊस धरल्यापेक्षा कमी पडला, माणसं धरल्यापेक्षा जास्त आली, बोगदा दहा वर्षं रखडला, तर त्या वर्षी पाणी कोणाचं तोडायचं? कोणत्या क्रमाने? आणि ज्याचं तोडलं त्याला बदल्यात काय द्यायचं? हे आधी ठरवलं नाही, तरी त्या वर्षी ते ठरतंच. फक्त ते घाईत, रात्रीच्या बैठकीत ठरतं, आणि ज्याचा आवाज लहान त्याच्यावर येऊन पडतं.

'उपलब्ध पाणी' या रकान्यापासूनच पाहू. नदी दर वर्षी वेगळं पाणी आणते. म्हणून जुन्या नोंदी उतरत्या क्रमाने लावतात आणि शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान इतकं पाणी आलंच होतं, असा आकडा काढतात. ही झाली ७५ टक्के विश्वासार्हता. कृष्णा खोऱ्यासाठी बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदी घेऊन हा आकडा २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरला. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ पासूनची ४७ वर्षं घेतली, तेव्हा ७५ टक्क्यांचा आकडा २१७३ झाला. आणि ६५ टक्क्यांवर समाधान मानलं तर २२९३. खोरं तेच, सह्याद्री तोच. कोणती वर्षं मोजायची आणि किती वेळा कमी पडलेलं चालवून घ्यायचं, एवढंच बदललं, आणि कागदावर दोनशेहून जास्त टीएमसी पाणी वाढलं.

७५ टक्के म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण सरासरीने चारातल्या एका वर्षी पाणी कमी पडणार, हे त्या आकड्यावर सही करतानाच मान्य केलेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी पट्टी याहून कडक लावतात, हे खरं. तरीही ते चौथं वर्ष कुठे जात नाही. त्या वर्षाबद्दल आराखड्यात दोन ओळी असतात आणि त्यातली एक 'योग्य त्या उपाययोजना' या शब्दांनी संपते.

नोंदींची वर्षं चुकीची निवडली की काय होतं, याचं कोलोरॅडो नदीइतकं नागडं उदाहरण दुसरं नाही. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी अमेरिकेतल्या सात राज्यांनी ती नदी वाटून घेतली. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला तेवढंच. एक एकरावर एक फूट पाणी उभं राहिलं की ते एक एकर-फूट. आपल्या मापात प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट म्हणजे ६५ टीएमसी कबूल केलं. बेरीज ७१९. आता नदीत होतं किती? करार करणाऱ्यांसमोर जेमतेम पाव शतकाच्या नोंदी होत्या आणि ती वर्षं विलक्षण ओली निघाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ई. सी. लारू त्याच काळात बजावत होते की एवढं पाणी या नदीला नाही. पण सात राज्यांना सही करता येईल असा आकडा हवा होता. लहान आकडा धरला असता तर वाटणीच फिसकटली असती.

नदीचं खरं चरित्र सांगितलं ते झाडांनी. साधारण पेन्सिलीएवढी जाड, अशी पोकळ गिरमिटासारखी सळई जुन्या झाडाच्या खोडात फिरवत नेतात आणि लाकडाची एक बारीक काडी बाहेर काढतात. झाड मरत नाही. ती काडी घासून गुळगुळीत केली, भिंगाखाली धरली की वर्षं दिसायला लागतात: रुंद वलय म्हणजे ओलं वर्ष, कोरड्या वर्षाचं वलय केसाएवढं. एकमेकांना चिकटलेली पाच-सहा बारीक वलयं दिसली की समजायचं, तिथे सलग दुष्काळ झाला आणि त्याची कुठेही लेखी नोंद नाही. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी या अभ्यासकांनी अशा वलयांवरून कोलोरॅडोचा काही शतकांचा प्रवाह मांडला. सरासरी निघाली सुमारे १३५ लाख एकर-फूट, म्हणजे ५८८ टीएमसी. कराराच्या आधीची ती वर्षं गेल्या कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी एक होती. २००० सालानंतर तर सरासरी साधारण ५४० टीएमसीवर आली आहे. वाटलं ७१९. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बरं, झाडांनी सांगितलेला भूतकाळही आता पुरेनासा झालाय. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या धरणांत १९७५ पूर्वी वर्षाला सरासरी ३३८ दशलक्ष घनमीटर पाणी यायचं. १९७५ नंतरच्या पाव शतकात ते १७७ वर आलं आणि पुढे आणखी घसरलं. पाऊस मात्र निम्म्यावर आला नव्हता. घट पंधरा-वीस टक्क्यांच्या घरातली. पावसात पाचवा हिस्सा घट आणि धरणात निम्मी, हे गणित पहिल्यांदा पाहणाऱ्याला चुकलंय असंच वाटतं. पण जमीन आणि झाडं आपला वाटा आधी घेतात, उरलं तर ओढ्याला. उष्णता वाढली की त्यांचा वाटा वाढतो. पर्थच्या जलखात्याने ही घसरण तात्पुरती मानायचं सोडून दिलं, हे मला त्या शहराचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. २००६ मध्ये त्यांनी क्विनानाला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू केला, नंतर दुसरा उभारला, आणि २०१७ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी जमिनीत मुरवायला घेतलं. पाऊस परत येईल असं म्हणत बसले असते तर आज त्या शहराचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

आता दुसरा रकाना, मागणीचा. इथे माणसांचा स्वभाव जास्त दिसतो.

एका आराखड्याच्या बैठकीत लोकसंख्येचा अंदाज ठरत होता, ते मला अजून लख्ख आठवतं. तीन पद्धतींनी तीन आकडे काढले होते. सर्वांत लहान आकडा जनगणनांच्या कलाशी सर्वांत जवळचा होता, कारण त्या भागात जन्मदर खाली आला होता. तरी शेवटी सर्वांत मोठा आकडा घेतला गेला. कोणाचा वाईट हेतू नव्हता. उद्योगवाल्यांना वाढ दिसायला हवी होती, लोकप्रतिनिधींना आपल्या गावाची वाढ कमी धरलेली चालणार नव्हती, आणि अभियंत्यांचा हिशेब असा की नळ कोरडा पडला तर शिव्या आपल्याला, धरण अर्धं रिकामं राहिलं तर कोणालाच नाही. मोठ्या आकड्यावर सगळ्यांचं एकमत पाच मिनिटांत झालं. लहान आकड्याच्या बाजूने बोलणारा तरुण सहायक होता, त्याला चहा आल्यावर थांबवलं.

असे फुगवलेले अंदाज जगभर होत आलेत आणि जगभर खोटे ठरलेत. अमेरिकेची लोकसंख्या १९७० मध्ये वीस कोटींच्या आसपास होती, २०१५ मध्ये ३२ कोटी. तरी २०१५ चा एकूण पाणीउपसा १९७० पेक्षा कमी होता. यामागे एकच कारण नाही. वीजकेंद्रांची थंड करण्याची पद्धत बदलली, शेताला पाणी देण्याची रीत सुधारली, आणि संडासाच्या टाक्या लहान झाल्या. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नये. १९९२ च्या कायद्याने तिथे एका फ्लशला तेरा लिटरऐवजी सहा लिटरची मर्यादा आली. कोट्यवधी घरांत दिवसातून दहा-वीस वेळा सात-सात लिटर वाचले. एवढ्या पाण्याचं धरण बांधायचं म्हटलं असतं तर त्याचं भूमिपूजन झालं असतं, कोनशिला लागली असती. टाकीच्या आतल्या तरंगत्या गोळ्याला कोण हार घालतो!

टेक्सासचा आराखडा मी या बाबतीत आदराने वाचतो. १९५० च्या दशकातल्या सात वर्षांच्या दुष्काळाने त्या राज्याला हादरवलं आणि १९५७ मध्ये तिथे जलविकास मंडळ आलं. १९९६ च्या दुष्काळानंतर, १९९७ च्या कायद्याने, नियोजन खालून वर करायचं ठरलं: सोळा विभाग, प्रत्येकाचा आपला गट, दर पाच वर्षांनी नवा आराखडा, पुढची पन्नास वर्षं नजरेसमोर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिशेब सरासरी वर्षाचा करायचा नाही. नोंदीतला सर्वांत वाईट दुष्काळ पुन्हा पडला आहे असं धरूनच करायचा. २०२२ च्या आराखड्यात २०२० ची लोकसंख्या २ कोटी ९७ लाख, २०७० ची ५ कोटी १५ लाख. माणसं ७३ टक्क्यांनी वाढणार आणि पाण्याची मागणी फक्त ९ टक्क्यांनी. हे वाचून मी थबकलो. शहरांची मागणी वाढते तशी सिंचनाची घटते, म्हणून बेरीज फार हलत नाही. शेतीची घट काही प्रमाणात सुधारणेमुळे, पण बरीचशी जमिनीखालचं पाणी संपत आल्यामुळे. म्हणजे पाणी कोणी सोडायचं हे तिथे काही अंशी उपशानेच ठरवून टाकलंय. तक्त्यात ते 'मागणीत घट' म्हणून सभ्यपणे बसलंय. तरी वाईट दुष्काळ आला आणि काहीच केलं नाही तर २०७० मध्ये ६९ लाख एकर-फुटांची, म्हणजे सुमारे ३०० टीएमसीची तूट येईल, हे त्यांनी छापून ठेवलंय. बऱ्याच आराखड्यांत हा आकडा छापायचं धाडस नसतं.

भीतीपोटी फार मोठं काहीतरी बांधून बसण्याचाही धोका आहे. मेलबर्नने लांबलेल्या दुष्काळात समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रचंड प्रकल्प काढला. काम चालू असतानाच पाऊस धो धो आला. २०१२ च्या अखेरीस प्रकल्प तयार झाला आणि २०१७ पर्यंत शहराला त्यातलं पाणी लागलं नाही. भाडं मात्र चालूच. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. नंतर मात्र लागोपाठ काही वर्षं त्यातून पाणी घ्यावं लागलं आणि टिंगल विरली. तो शहाणपणा होता की उधळपट्टी, याचं उत्तर कोणत्या वर्षी विचारता त्यावर आहे. मला विचाराल तर आधी गळती, मग सांडपाणी, आणि समुद्र शेवटी. नामिबियातलं विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतंय. आपल्याला ऐकूनच शिसारी येते, पण वाळवंटाच्या कडेच्या शहराला शिसारी परवडत नाही.

पण मुद्दा त्या गायब पानाचा. ते पान लिहिलेलं नसताना वाईट वर्ष येतं तेव्हा काय होतं, हे केपटाउनने २०१८ मध्ये दाखवलं. तीन वर्षं लागोपाठ पाऊस हुकला. शहराला पाणी देणाऱ्या सहा धरणांतलं निम्म्याहून जास्त पाणी एकट्या थीवाटर्सक्लूफ धरणात मावतं, आणि ते धरण म्हणजे भेगाळलेली जमीन व मधोमध चिखलाचा पट्टा असं झालं. जानेवारीत शहराने नळ बंद करण्याचा दिवस, म्हणजे 'शून्य दिवस', जाहीर केला. धरणांचा एकूण साठा १३.५ टक्क्यांवर आला की बहुतेक नळ बंद, आणि मग माणशी २५ लिटर सुमारे दोनशे ठिकाणांहून रांगेत उभं राहून न्यायचं. सुमारे चाळीस लाखांचं शहर. म्हणजे एका ठिकाणी दिवसाला वीस हजार माणसांचं पाणी. पंचवीस लिटर म्हणजे पंचवीस किलो वजन. म्हाताऱ्या बाईने ते कसं उचलायचं, हा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत जानेवारी २०१८ मध्ये यावा हेच सगळं सांगून जातं. तिथल्या झोपडवस्त्यांतल्या बायका मात्र कित्येक वर्षं सार्वजनिक नळावरून असंच पाणी वाहून आणत होत्या. शून्य दिवस त्यांच्याकडे आधीच येऊन गेला होता, फक्त त्याची बातमी झाली नव्हती.

तो दिवस टळला. १ फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरची मर्यादा आली आणि शहराचा वापर २०१५ च्या निम्म्याखाली गेला. शेतीच्या पाण्यात ६० टक्के कपात झाली. ग्रोनलंड भागातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धरणातलं सुमारे दहा अब्ज लिटर पाणी शहराला सोडलं. जूनमध्ये पाऊस आला. शहराच्या शिस्तीचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं. पण साठ टक्के पाणी गेलेल्या बागांवर काम करणाऱ्या मजुरांचं त्या हंगामात काय झालं, ते त्या कौतुकात आलं नाही. शिवाय लोकांनी पाणी वाचवलं म्हणून पालिकेची पाणीपट्टी आटली आणि दर वाढवावे लागले. कमी वापरा, जास्त भरा. हेही आधी सांगून ठेवता येतं. दराचा स्थिर भाग किती, वापरावरचा किती, दुष्काळात तो कसा बदलेल, हे ओल्या वर्षी सांगितलं तर लोक कुरकुरत का होईना ऐकतात.

आधी लिहून ठेवणं म्हणजे न्याय्य लिहून ठेवणं असं मात्र नाही. १९६८ मध्ये अॅरिझोनाला कोलोरॅडोचं पाणी वाळवंटातून फिनिक्स आणि टूसानपर्यंत नेणारा कालवा हवा होता. कॅलिफोर्नियाच्या मतांशिवाय मंजुरी मिळत नव्हती. सौदा झाला: तुटीच्या वर्षी आधी या कालव्याचं पाणी तुटेल, कॅलिफोर्नियाच्या ४४ लाख एकर-फुटांना हात लागणार नाही. तेव्हा तूट कोणाच्या स्वप्नातही नसेल. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत तूट जाहीर झाली आणि पुढच्या वर्षासाठी अॅरिझोनाच्या वाट्यातलं ५ लाख १२ हजार एकर-फूट, म्हणजे २२ टीएमसीहून थोडं जास्त पाणी गेलं. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फटका बसला पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना. त्यांतले कित्येक १९६८ मध्ये जन्मलेही नसतील. तरी मी म्हणेन की ते पान होतं म्हणून त्या वर्षी मारामारी झाली नाही. २००७ मध्ये या राज्यांनी धरणाची पातळी कोणत्या फुटावर आली की कोणाची किती कपात, हे ओळीने लिहून ठेवलं होतं. कोलोरॅडोवरचा मीड जलाशय १०७५ फुटांखाली जाणार असा अंदाज आला आणि नियम आपोआप लागू झाला. कोणाला कोणाच्या दारात जावं लागलं नाही. ते नियम २०२६ च्या अखेरीस संपतात. पुढचे नियम लिहिताना घोडं अडलंय ते याच जागी: वरची राज्यं म्हणतात, आमच्या माथ्यावर मोठं धरण नाही, बर्फ कमी पडला की आमची कपात आपोआप होते, खालची म्हणतात, आम्ही कपात सोसली, आता तुम्हीही लेखी द्या.

त्या गायब पानावर काय असावं, याचा माझ्यापुरता मसुदा तयार आहे. माणशी पिण्या-धुण्याचं किमान पाणी कशालाही न बधता आधी बाजूला काढायचं. मग बागबगीचे, तलाव, मोटारी धुणं बंद. मग एका हंगामाची पिकं, कारण एक हंगाम गेला तर पुढचा घेता येतो. फळबागा त्यानंतर, कारण मेलेलं झाड परत उभं राहायला आठ-दहा वर्षं लागतात. आणि ज्याचं पाणी घ्यायचं त्याच्याशी भाव ओल्या वर्षीच ठरवायचा. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शहरी जलसंस्थेने पालो व्हर्डे खोऱ्यातल्या शेतकऱ्यांशी असा ३५ वर्षांचा करार केला आहे. शहराला लागेल तसं, दर वर्षी जास्तीत जास्त चौथाईहून थोडी अधिक जमीन पडीक ठेवायची, तिचं पाणी शहराला, आणि जमीनमालकाला मोबदला. शेतकरी खुशीत सही करायला आले. पण पडीक रानात निंदणी नसते, कापणी नसते, ट्रॅक्टर बिघडत नाही, खत विकलं जात नाही. ज्यांच्या नावावर ना जमीन ना पाणी, त्यांना त्या मोबदल्यातलं काही मिळत नाही. त्या खोऱ्यातल्या लोकांसाठी वेगळा निधी काढावा लागला.